कडू लागतंय का

पान लागलेल्या माणसाला निजू द्यायचं नाही, हे उमापूर-चकलांब्याच्या शिवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साप चावला असं कुणी तोंडानं म्हणत नसे. पान लागलं म्हणायचं, आणि मग पुढचं सगळं आपोआप सुरू व्हायचं. माणसाला मारुतीच्या पारावर आणायचं, देवळाच्या खांबाला टेकवून बसवायचं, आणि तीन दिवस, तीन रात्री त्याचा डोळा मिटू द्यायचा नाही. डोळा मिटला की इख काळजात उतरतं. वस्तीवरच्या माणसांनी पाळ्या लावून काशाची थाळी बडवायची, झापड आलीच तर कांदा हुंगवायचा, गालावर मारायचं, उठवून देवळाभोवती चालवायचं. आणि घटकेघटकेला लिंबाचं पान चावायला द्यायचं. पान कडू लागलं तर माणूस अजून आपल्यात आहे. कडू लागेनासं झालं की इख डोक्यात गेलं.

थाळी वाजवणारे बदलत. एक माणूस मात्र बदलत नसे. पान लागलेल्या अंगावर ज्याच्या हातानं पहिली गाठ बसली, त्यानंच शेवटपर्यंत शेजारी बसायचं, आणि त्यानंही डोळा मिटायचा नाही. बांधणारा निजला तर गाठही निजते, असं म्हणत. लिंबाचा पालाही आधी त्यानंच चावून बघायचा, शिळा नाही ना याची खात्री करायची, आणि मग दुसरं पान रोग्याच्या तोंडात द्यायचं.

भिवराचं माहेर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पल्याडचं. गाठीची ही रीत तिला ठाऊक नव्हती.

चैत्रातल्या सोमवारी सकाळी ती आणि तिचा नवरा त्रिंबक गंजीतला कडबा काढत होते. त्रिंबकनं एक पेंढी ओढली आणि ओरडून हात झटकला. अंगठ्याच्या बेचक्यात रक्ताचे बारीक ठिपके उठले होते, चार-पाच, ओळीत. भिवरानं लुगड्याचा काठ टरकावला आणि त्याच्या मनगटावर करकचून बांधला. दुसरं कुणी जवळ असतं तर त्यानं बांधला असता. कुणी नव्हतं.

शेजारच्या मळ्यातला उत्तरेश्वर काठी घेऊन धावत आला. जनावर गंजीखालून निघून बांधाकडे चाललं होतं. हातभर लांब, तपकिरी, अंगावर पिवळट पट्टे. उत्तरेश्वरनं ते ठेचलं आणि रीतीप्रमाणे तिथंच गोवऱ्यांवर जाळलं. आग लागण्याआधी भिवरानं ते नीट पाहिलं होतं. मानेशी पट्टे ठसठशीत होते, खाली जाता जाता पुसट होत गेले होते, आणि शेवटची वीतभर शेपटी तर अगदी कोरी होती.

"मण्यार," उत्तरेश्वर म्हणाला.

"कवड्या असंल बे," बंकट म्हणाला. हा वस्तीवरचा गाडीवान. दहा गावं फिरलेला, आणि म्हणूनच कुणी त्याचं फारसं मनावर घेत नसे. "मण्यारीचं शेपूट पट्ट्यांचं ऱ्हातंय. कवड्या पाली खातो. मानसाला त्याचं काय व्हत न्हाई."

"तुज्या हाताला लागू दे, मग सांग कवड्या का मण्यार."

तोवर राख झाली होती, आणि राखेवर पट्टे दिसत नाहीत.

दुपारपर्यंत चकलांब्याहून सटवा आला. तो जाणता होता. पाच-पंचवीस गावांत पान लागलं की त्यालाच बोलावणं जाई. लबाड नव्हता. कुणाकडून तांब्याभर पाण्याशिवाय काही घेत नसे, आणि त्याच्या हातून माणूस दगावला तर आठ दिवस अन्न सोडत असे. त्यानं मनगटावरचा चिंधोटा सैल केला आणि त्याच जागी काळ्या लोकरीचा धागा गुंडाळला.

"गाठ कुनी मारली व्हती?"

"म्या," भिवरा म्हणाली.

"मंग बस, बाई. आता तू उठायचं न्हाई."

सासू चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. ती पुढं आली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "भिवरे, माज्या लेकाचा जीव तुज्या गाठीत हाय बघ."

भिवरा बसली.

पहिल्या दिवशी त्रिंबकला काहीच झालं नाही. हाताला थोडी सूज आली, ती संध्याकाळपर्यंत उतरली. त्याला भूक लागली होती, आणि थाळी बडवणाऱ्या उत्तरेश्वरची तो मस्करी करत होता. "आरं, जनावरानं येकदाच चावलं. तू तर सकाळधरनं चावायलास. कान सोड की माजे!" लिंबाचं पान तोंडात गेलं की त्याचं तोंड असं वेडंवाकडं होई की पारावरच्या बाया पदराआड हसत. भिवराही आधी पान चावायची, तिचंही नाक मुरडायचं, आणि मग नवरा-बायको एकमेकांकडे बघून थुंकायची.

"इख न्हाईच चढलं जणू," ती सटवाला म्हणाली.

"मण्यारीचं इख मुंगीच्या पायानं चढतं, पोरी. आज न्हाई तर उद्या."

बंकट गाडी जुंपून गेवराईला गेला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढताना हकिमाकडून एक पुडी घेऊन परतला. हकिमाला दुसऱ्या गावी जायची घाई होती. उभ्याउभ्याच पुडी देऊन तो एवढंच म्हणाला होता, "सोने नक्को देव." निजू देऊ नका. वस्तीला फार बरं वाटलं. इतका शिकलेला माणूसही तेच म्हणतो म्हटल्यावर बोलायला जागाच राहिली नाही. पोलीस पाटीलही येऊन बघून गेला. पान लागून माणूस मेला तर तहसिलीत उर्दूत कागद पाठवावा लागे, जगला तर काही लागत नसे. म्हणून तो रोज सकाळी पाराशी येऊन उभ्यानंच विचारायचा, "काय म्हन्ता? कागद करू का थांबू?"

दुसऱ्या दिवशी त्रिंबकची मस्करी बंद झाली. डोळे लाल झाले. क्षुल्लक गोष्टीवरून तो खेकसू लागला. चंद्रभागाबाईनं तोंडावर पाणी मारलं तर तिच्या अंगावर धावून गेला, आणि मग लहान पोरासारखा रडला. "आई, येवढा येक डुलका घिऊ दी गं. बोट मोडून सांगतो, येवढाच." चंद्रभागाबाई देवळामागं जाऊन रडून आली आणि परत येऊन तिनं स्वतःच्या हातानं थाळी वाजवायला घेतली.

"चढाय लागलं," सटवा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सगळं दिसू लागलं. पापण्या अर्ध्यावर उतरल्या त्या वर जाईनात. जीभ जड झाली, शब्द लाळेत भिजल्यासारखे निघू लागले. देवळाभोवती चालवताना पाय सपाट जमिनीवर अडखळू लागले. एकदा तो थांबला आणि समोरच्या मोकळ्या वाटेकडे बोट दाखवून म्हणाला, "बैल सुटलाय. आबाचा बैल. धरा की." आबा म्हणजे त्याचा बाप. बाप आणि बैल, दोघांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बायांनी तोंडावर हात घेतले. त्याला पान दिलं. त्यानं ते शेळीसारखं निवांत चावलं आणि गिळलं.

"कडू लागतंय का?" सटवानं विचारलं.

त्रिंबकला काय उत्तर हवं आहे ते कळत होतं. "कडू," तो म्हणाला. "लई कडू."

"त्वांड बघा त्याचं, त्वांड." सटवानं मान हलवली. "इख लबाड असतंय. कडू म्हनायला शिकवतंय. पर नाक मुरडायला न्हाई शिकवत."

भिवरा हे सगळं शेजारून बघत होती, आणि तिच्या मनात काहीतरी खुपत होतं. हे असंच तिनं आधी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं ते आठवेना. डोकं लोकरीनं भरल्यासारखं झालं होतं. एक विचार धरावा तर दुसरा सुटायचा, आणि दोन्ही विचारांच्या मध्ये थाळीचा ठोका पडायचा. मग तिला आठवलं. जागल. मागच्या पौषात ज्वारी हुरड्यात आलेली, रानडुकरांनी उच्छाद मांडलेला, आणि त्रिंबकनं सलग चार रात्री माळ्यावर बसून काढल्या होत्या. पाचव्या सकाळी घरी आला तो डोळे असेच अर्ध्यावर. भाकरी आमटीत कुस्करायची ती शेजारच्या पाटावर कुस्करली. दावं बैलाच्या गळ्यात अडकवायचं ते स्वतःच्या मनगटाला बांधून गोठ्यातून बाहेर आला, आणि भिवराला "आई" म्हणून हाक मारली. ती हसून हसून बेजार झाली होती. "अवं, म्या आई न्हाई, आई चुलीपाशी हायेत." मग तो जो पडला, तो दुसऱ्या दिवशी न्याहारीला उठला, चार भाकरी खाल्ल्या आणि मोटेवर गेला. तेव्हा त्याला कुठं पान लागलं होतं?

आठवण आली खरी. पण जागलीनं माणूस असा होतो तसा इखानंही होत असेल, हे तिला खोडता येईना. दोन्हींच्या खुणा एकच असल्या तर कोणती कशाची, हे कुणी आणि कशावरून सांगायचं?

दुपार झाली. पान द्यायची वेळ आली. भिवरानं ताजी डहाळी घेतली, एक पान तोडून तोंडात टाकलं, चावलं आणि कडवटपणा येण्याची वाट पाहत राहिली. तो आला नाही. तिनं आणखी चावलं. तोंडात काहीतरी खरखरीत, ओलं, हिरवं होतं, एवढंच. पाला खराब दिसतो, असं वाटून तिनं तीच डहाळी उत्तरेश्वरपुढं धरली.

"भाऊजी, जरा चावून बघा बरं."

त्यानं बेसावधपणे पान दातात धरलं आणि थाळी टाकून थुंकत सुटला. "थू! कडूजहर! वैनी, काय सूड घेता का माजा? येवढी थाळी वाजवली म्हून?"

पाला चांगला होता.

भिवरा डहाळी हातात धरून बसून राहिली. तिसऱ्या दिवसाच्या त्या दुपारी तिचं डोकं एकदाच, थोडा वेळ, लख्ख झालं. सोमवारपासून त्रिंबकनं जितकी पानं चावली, तितकीच तिनं चावली होती. एक जास्त नाही, एक कमी नाही. तो जितका जागला, तितकीच ती जागली होती. तिनं खाली पडलेली काशाची थाळी उचलली आणि तिच्यात तोंड पाहिलं. पापण्या अर्ध्यावर. त्याच्यासारख्याच. तिनं हळूच स्वतःशी "त्रिंबक" असं नवऱ्याचं नाव उच्चारून पाहिलं. एरवी कधी घेतलं नसतं. जीभ टाळूला चिकटली, नाव अर्धवट निघालं. ती उठून पाराची एक पायरी उतरली आणि पायरी होती त्याहून खोल निघाली. खांब धरला म्हणून पडली नाही. सकाळपासून देवळाच्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. तिनं जवळ जाऊन बोट लावलं. भिंत कोरी होती.

त्याच्या सगळ्या खुणा तिच्यात होत्या. आणि तिला कुणीही चावलं नव्हतं.

बेचक्यातले ठिपके आणि मनगटावरचा धागा सोडला तर दोघांत काहीच फरक नव्हता. मग हे इख नव्हे. नीज नाही, म्हणून हे. त्याला निजू दिलं तर तो न्याहारीला उठून चार भाकरी खाईल. नाही दिलं तर, अशा अवस्थेत, या उन्हात, घोटघोट पाण्यावर तो आणखी किती चालेल ते तिला सांगता येत नव्हतं. तिसरा दिवस संपत आला होता, पण सटवा सकाळीच म्हणाला होता की इख उतरलेलं नाही, अजून दोन दिवस धरावे लागतील.

ती पारावर चढली. सटवा, चंद्रभागाबाई, उत्तरेश्वर आणि वस्तीवरची आठ-दहा माणसं बसली होती.

"माजं ऐका," ती म्हणाली. शब्द ओळीनं निघावेत म्हणून ती सावकाश बोलत होती, आणि त्यामुळे ते जास्तच घसरत होते. "ह्यांना इख न्हाई चढलं. नीज न्हाई म्हून असं झालंय. बघा, मलाबी पान कडू लागंना. माजीबी जीभ जड झाली. माजेबी डोळे बघा. मला तर कुनी चावलं न्हाई. चावलं का? मंग मला कावून असं व्हतंय?"

पार शांत झाला. थाळी थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा इतकी शांतता झाली होती, आणि सगळे तिच्याकडे टक लावून बघत होते. भिवराला वाटलं, समजलं. सटवा उठला, तिच्याजवळ आला, फार मायेनं तिची हनुवटी वर करून त्यानं तिच्या पापण्या पाहिल्या. मग खाली वाकून तिचे हातपाय तपासले. डाव्या घोट्यावर एक खरचटल्याची जुनी रेघ होती.

"हे काय?"

"धसकट लागलंय. हुरड्याच्या टायमाला."

"धसकट," सटवा म्हणाला. मग उठून चंद्रभागाबाईकडे वळला. त्याचं तोंड उतरलं होतं. "म्हातारे, लई वंगाळ झालं. गाठीतून उतरलं बघ. बांधनारीकडं गेलं. म्या येकदाच बघितलंय असं, धर्मापुरीकडं."

"आगं बया!" चंद्रभागाबाई किंचाळली. तिनं धावत येऊन सुनेला मिठी मारली. "पोरी, माजं काय चुकलं गं! म्याच बशीवलं तुला!"

"आत्याबाई, तसं न्हाई, तसं न्हाई ते—"

"बोलू द्या तिला. बोलत ऱ्हाऊ द्या," सटवा म्हणाला. "गप झाली की संपलं. धागा आना. हिला कोन गाठ मारतंय?"

"म्या मारते," चंद्रभागाबाई म्हणाली. भिवराला खाली बसवून घोट्यावरच्या त्या रेघेच्या वर तिनं काळी लोकर तीनदा गुंडाळली. पारावरची सगळी माणसं भिवराभोवती गोळा झाली, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी पाणी, आणि उत्तरेश्वरनं थाळी उचलून तिच्या कानाशी धरली.

माणसांच्या पायांच्या मधून भिवराला खांब दिसला. खांबाशी त्रिंबक एकटा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याची मान एका बाजूला कलली, हनुवटी छातीवर आली, तोंड उघडलं. तो निजला. तिनं त्याची छाती पाहिली. वर, खाली. वर, खाली. एवढी सावकाश आणि एवढी खोल, की तिच्याच छातीत काहीतरी सैल झालं.

तेवढ्यात सटवानं तिच्या तोंडात पान घातलं. "चाव. कडू लागतंय का?"

त्या घडीला तिला सुटता आलं असतं. नाक मुरडायचं, थुंकायचं, कडू म्हणायचं. तिनं ते मनाशी जुळवलंही. अजून तेवढं भान होतं. मग ही सगळी माणसं निःश्वास टाकतील, वळतील, आणि वळली की त्यांना खांब दिसेल.

"गोड लागतंय," भिवरा म्हणाली. "गुळावानी."

पारावर एकच आक्रोश झाला. तिनं तो वाढू दिला. मान टाकली, डोळे फिरवले, उत्तरेश्वरचा सदरा धरून आबाचा बैल सुटलाय म्हणून ओरडली, उठवलं तर कोसळली. त्यातलं सोंग किती आणि खरं किती हे थोड्या वेळानं तिलाच कळेनासं झालं. पण दर खेपेला डोळे उघडले की ती आधी पायांच्या मधून खांबाकडे बघायची. वर, खाली.

दिवेलागणीला कुणीतरी ओरडलं, "आरं, त्रिंबक निजला!" चंद्रभागाबाईनं हंबरडा फोडला. सटवा धावला. त्यानं त्रिंबकची नाडी धरली, कपाळाला हात लावला. कपाळ घामानं ओलं होतं, आणि तो घोरत होता, मोठ्यानं, बिनघोर. सटवानं बराच वेळ नाडी सोडली नाही. मग मागं टेकून त्यानं हात जोडले.

"उतरलं. समदं उतरलं. आता निजू द्या त्याला." आणि मग हलक्या आवाजात, "समदं तिच्याकडं गेलं."

त्रिंबक दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. आधी पाणी मागितलं, मग भाकरी. ठेच्याबरोबर तीन खाल्ल्या. लिंबाचं पान दिलं तर त्याचं तोंड पूर्वीसारखं वेडंवाकडं झालं आणि आख्खी वस्ती हसली, रडली. बंकटनंही सटवाच्या पायावर डोकं ठेवलं. पाटील आला, त्यानं हे पाहिलं, आणि भिवराकडे वळून थोडा घुटमळला. "बाईचं नाव काय लिवायचं? बरं ऱ्हाऊ द्या. 'जौजे त्रिंबक', त्रिंबकची बायको, येवढंच लिवतो, लागलं तर."

चंद्रभागाबाईचं वय साठीच्या पुढं होतं. एका रात्रीत ती वाकली. म्हणून त्रिंबकनं सटवाला विचारून, आईनं भिवराच्या घोट्यावर मारलेली गाठ आपल्या हातानं सोडली आणि पुन्हा बांधली. "आई, तू जाऊन पड. हिच्यापाशी म्या बसतो. माजंच इख हाय, म्याच बसनार."

तो भिवराजवळ बसला. स्वच्छ धुतलेलं तोंड, निवळलेले डोळे, ताठ मान. सोमवारच्या सकाळपासून तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याला टेकून तिनं डोळे मिटले, आणि गालावर चापट बसली. जोराची नव्हती. पण जाग येण्यापुरती होती.

"भिवरे, न्हाई. निजायचं न्हाई."

"अवं," ती म्हणाली. प्रत्येक शब्द विहिरीतून काढावा लागत होता. "मला निजू द्या. तुमी निजलात, म्हून... म्हून बरे झालात. म्या बघितलं. दिवसभर निजला व्हतात. मला इख न्हाई. मला नीज... निजू द्या."

त्रिंबकचे डोळे भरून आले. तो वाकला, तिचं डोकं त्यानं दोन्ही हातांत धरलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "मीबी असंच म्हनत व्हतो की गं. आठवतं का? बोट मोडून म्हनत व्हतो, येवढाच डुलका, येवढाच. आईच्या पाया पडलो. तुज्या पडलो. तू दिलंस का निजू? न्हाई दिलंस. दगडाचं काळीज करून बसलीस तीन दिस. म्हून तर आज म्या हितं हाय." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "तू माज्यासाटी केलंस, तेवढं म्या करायचं न्हाई व्हय?"

तिला सांगायचं होतं की दगडाचं काळीज केलं ते चुकलं. पहिल्याच रात्री तिनं त्याला निजू द्यायला हवं होतं. बंकटनं शेपटीचं सांगितलं तेव्हाच आपण पाहिलेलं बोलायला हवं होतं. पण वाक्य फार लांब होतं. अर्ध्यात पोचेपर्यंत त्याची सुरुवात विरून गेली, आणि तिच्या तोंडातून फक्त लाळ आली. त्रिंबकनं ती धोतराच्या सोग्यानं पुसली.

पान द्यायची वेळ झाली. रीतीप्रमाणे त्यानं आधी स्वतः एक चावलं, नाक मुरडलं, थुंकला. मग दुसरं तिच्या ओठांत घातलं.

"कडू लागतंय का?"

"कडू," भिवरा म्हणाली. नाक मुरडायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. ते आठवून नाकापर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर पान गिळून झालं होतं, आणि त्रिंबकनं तिच्या तोंडाकडे, जसं सटवानं शिकवलं होतं तसं, बघून घेतलं होतं. त्यानं उत्तरेश्वरला खूण केली. थाळी वाजू लागली.

ती त्याच्याकडे बघत राहिली. बघण्यासारखं दुसरं काही स्थिर नव्हतं. भिंत हलत होती, मुंग्या पुन्हा आल्या होत्या. त्याचे डोळे अजून निवळ होते. आज रात्री तो जागेल, उद्याचा दिवस जागेल. उद्या संध्याकाळी चिडेल, परवा सकाळी डोळे लाल होतील. दर घटकेला एक पान तो चावतोच आहे. परवा दुपारी, फार तर तेरवा, एक पान त्याला कडू लागणार नाही, आणि तो सरळ माणूस आहे, तो ते तसंच सांगेल. ऐकायला सटवा असेल, आणि लोकरीचा धागा असेल. तिथपर्यंत ती असेल की नाही, हा हिशेब तिला जमेना.

"भिवरे," तो म्हणाला, "डोळा उघड. माज्याकडं बघ."

तिनं बघितलं.